मापारीबाबांचा मुक्काम

मामाच्या गावात दारू सोडवायचं औषध वर्षातून एकदाच, महाशिवरात्रीला, दुधातून मिळायचं. ते लागू पडलं नाही तर दुसरं औषध काखेत वळकटी मारून, हातात तांब्या घेऊन, आपल्या पायांनी घरी चालत यायचं. या दुसऱ्या औषधाला गाव मापारीबाबा म्हणायचं.

पहिल्या औषधाच्या विरोधात मी पत्रक काढलं. दुसऱ्याच्या विरोधात काढायचं राहून गेलं, कारण तोवर ते मामाच्याच ओसरीवर, मी उन्हाळ्यात ज्या बाजेवर झोपायची त्याच बाजेवर, घोरत पडलेलं होतं.

गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडचं. शाळा चौथीपर्यंत, डॉक्टर मंगळवारी आणि दारू रोज, अशी तिथली सोय. बाबांनी उमेदीची वर्षं चिखलीच्या धान्यबाजारात मापारी म्हणून काढली होती. तूर, ज्वारी, सोयाबीन, जे येईल ते मोजायचं आणि मोजताना सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचं. मापारी मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन. बाजार सुटला तरी बाबांच्या तोंडून 'एक' हा आकडा जो गेला तो गेलाच. "मले लाभच भाऊ व्हता, तोबी वारला," असं ते सांगायचे आणि नवखा माणूस त्यांच्याकडे बघत राहायचा.

तो भाऊ वारला म्हणूनच बाबा गावात परतले. नाल्याकाठच्या महादेवाची पूजा त्यांच्या घराण्याकडे, आणि महाशिवरात्रीचा भांगेचा घोटा घोटायचा मानही त्यांच्याकडेच. भावामागे तो यांच्यावर आला.

वर्षानुवर्षं काट्याची सुई वाचून त्यांची मान उजवीकडे कलली होती. त्यामुळे समोरच्याला वाटायचं की हा माणूस आपलं दुःख फार आपुलकीने ऐकतोय. बाबा ऐकत नसत, वजन करत असत. बोलणारा थापा मारतोय असं वाटलं की मान सरळ व्हायची आणि निकाल यायचा, "पोतं ओलं हाये." बाजारात लबाड माणूस वजन वाढवायला पोत्यावर पाणी मारतो. बाबांना गावात ओलीच पोती जास्त दिसायची. खिशात हुकाचा छोटा काटा असायचा आणि हाताला लागेल ते ते त्याला अडकवून बघायचे. वांगी, चपला, एकदा तर सरपंचांचा फेटा. सरपंच तेव्हा शेजारीच बसले होते, बोडक्या डोक्याने.

आता घोट्याविषयी. महाशिवरात्रीला सकाळी बाबा नाकातोंडाला ओला गमछा बांधून पाट्यापाशी बसायचे. धुतलेली भांगेची पानं, बडीशेप, मिरे, खसखस असं सगळं वाटून दुधात मिसळायचे. स्वतः त्यांनी जन्मात एक थेंब घेतला नव्हता. का, असं मी विचारलं तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच घेऊन आलेय.

"मी काऊन पेऊ? मले चढते."

दारू सोडायची असेल त्याने आंघोळ करून, ओलेत्याने पिंडीसमोर उभं राहायचं. बाबा वाटीभर घोटा हातात द्यायचे. तो हातात धरून म्हणायचं, "नशा घ्याची ते महादेवाच्या हातून घेतली. आता बारा महिने दुसऱ्याच्या हातून घेनार नाई." मग प्यायचं. पोराटोरांना नुसतं दूध. ज्याला दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत त्याला दूध. ज्याचं तोंड बाबांना आवडलं नाही त्यालाही दूध.

दुपारनंतर देवळाच्या आवारात जे चालायचं ते पाहायला बायका नाल्याच्या पलीकडे धुण्याचं निमित्त काढून बसायच्या. एकजण नंदीच्या गळ्यात हात टाकून त्याला सासऱ्याच्या तक्रारी सांगायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "तूच सांग बे, माझं काय चुकलं?" मिशांबद्दल प्रसिद्ध असलेले एक काका एका वर्षी त्या मिशा आपल्या नाहीत, कोणाच्या तरी चुकून आल्यात, असं ठरवून परत करायला घरोघर निघाले. बाबा कलत्या मानेने फिरून प्रत्येकाला पाणी पाजत, सावलीत ओढत, आणि "हसतो काऊन? रडतो काऊन?" असं सगळ्यांवर सारखंच खेकसत.

आता पत्रकाचं सांगते. माझे वडील पत्रकं छापायचे. आमच्या घरी भाकरी पत्रकात बांधली जायची, कपाटात पत्रकं अंथरलेली, पतंगही पत्रकांचेच. 'कमळ' वाचायच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. चिखलीला कॉलेजात असताना मामाच्या गावचा हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आणि माझं रक्त खवळलं. सरकार एका हाताने दुकानाला परवाना देतं, दुसऱ्या हाताने व्यसनमुक्तीचा फलक लावतं, आणि मधल्या जागेत एक म्हातारा देवाचं नाव घेऊन भांग पाजतो! मी लिहिलं: 'महादेवाच्या नावावर नशा! आणखी किती पिढ्या?' आणि पहिली प्रत त्यांच्याच हातात नेऊन दिली. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी द्यायचं, ही आमच्या घरची शिस्त.

देवळाच्या पायरीवर बसून, एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी ते वाचलं.

"यात 'ढोंगी' लिवलं, ते मीच नं?"

"हो."

"अन् 'गावाच्या मानगुटीवर बसलेली प्रवृत्ती', हेबी मीच?"

"तुम्हीच."

त्यांनी काटा काढला, पत्रक हुकाला लावलं. सुई हलली नाही.

"कागद लय पातळ हाये व पोरी. एवढ्या शिव्या द्याच्या तं जाड कागद घेत जाय. अजून हायेत का?"

मी हातातला गठ्ठाच दिला. त्यांनी देवळाच्या खांबाला पत्रकं डकवली, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना स्वतः, बाजारातल्या आवाजात, वाचून दाखवायला लागले. 'ढोंगी' आलं की छातीवर बोट ठेवायचे. पुढच्या महाशिवरात्रीला पंचक्रोशीतून नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. माझ्या पत्रकाचा इतका परिणाम त्याआधी आणि त्यानंतर कधी झालेला नाही.

मी मागे हटले नाही. म्हटलं, "बाबा, नशेने नशा सुटते का?"

"नाई."

"मग नुसतं दूध द्या."

"दुधासाठी कोन येईन व?"

दुधासाठी कोणी आलं नसतं, हे मलाही दिसत होतं. पण त्यामुळे भांग बरोबर ठरत नाही. एखाद्याचं डोकं आधीच नाजूक असतं, घरच्यांना माहीत नसतं, बाबांच्या कलत्या मानेलाही कळत नाही. अशा माणसाला ती वाटी किती महागात पडेल, याची हमी कोण देणार? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हे खरं हाये," आणि त्या वर्षापासून दुधाच्या वाट्या वाढल्या. पण घोटा बंद झाला नाही.

एकदा शहरातून एक बाई आल्या. खूप खिसे असलेलं जाकीट, गळ्यात कॅमेरा, हातात आवाज टिपायचं यंत्र. जगात कुठे कुठे जंगलातली माणसं वेली उकळून, मुळ्या कुटून पितात, रात्रभर गाणी म्हणतात, त्यांना चित्रविचित्र दिसतं, आणि त्यातून कोणाकोणाचं व्यसन सुटतं का याचा आता मोठमोठे डॉक्टर अभ्यास करतायत, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकलं. मान कललेलीच राहिली, म्हणजे पोतं कोरडं होतं.

"तर बाबा, तुमचा घोटा प्यायल्यावर लोकांना काय दिसतं?"

"मी दिसतो."

"म्हणजे दृष्टांतात?"

"दृष्टांत कायचा बाप्पा! ओसरीवर."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग बाबांनीच विचारलं, "तो वेल पाजनारा मानूस, पाजल्यावर कोठी जाते?"

"कुठे म्हणजे? आपल्या घरी जात असेल."

"मंग नाई सुटत," बाबा म्हणाले आणि उठून नंदी पुसायला लागले.

देवळाभोवती धोतऱ्याची झुडपं माजलेली. महाशिवरात्रीला पांढरी फुलं आणि काटेरी फळं पिंडीवर वाहतात. पूजा आटोपली की बाबा स्वतः एकूण एक फळ वेचून खड्ड्यात पुरायचे, वर दगड ठेवायचे. "हे देवाचं. देवाले पचते." याला कारण घडलं होतं. मोटरसायकलला भोंगा लावून एक औषधवाला गावात यायचा. भोंग्यातून सारखं: 'दारू सोडवा, न सांगता! चहातून द्या, भाजीतून द्या, न सांगता!' वरच्या आळीतल्या एका बाईने बाटली घेतली आणि नवऱ्याच्या चहात ओतली. नवरा भिंतीवर नसलेल्या मुंग्या वेचायला लागला, तोंडाला कोरड, डोळे लाल, पोरांना ओळखेना. बुलढाण्याला नेला म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, यात धोतरा असावा.

पुढच्या महिन्यात तो औषधवाला पुन्हा आला. बाबांनी त्याला अदबीने देवळात बसवलं, त्याच्याच बाटलीतलं औषध दुधात ओतलं आणि पेला पुढे केला.

"घ्या, पाव्हने."

"मी नाही पीत दारू. मला काय गरज?"

"मंग तं काईच होनार नाई. घ्या."

"नको, उपास आहे."

"दुधाले उपास नसते. घ्या, न सांगता नाई, सांगून देऊन राह्यलो."

तो मागच्या मागे सरकत पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथून वळून नाला ओलांडून पळाला. चपला राहिल्या, मोटरसायकल राहिली, आणि बॅटरी संपेपर्यंत भोंगा एकटाच 'न सांगता, न सांगता' म्हणत राहिला. बाबांना त्या दिवशी इतका राग आला होता की त्यांनी काहीही काट्याला लावलं नाही. एवढंच बोलले, "न सांगता पाजते तो चोर. मी सांगून पाजतो, अन् सांगून राह्याले येतो."

राहायला येणं म्हणजे काय, ते आमच्या घरावर आलं तेव्हा मला कळलं.

माझा मामा स्वतःची व्हॅन शाळेला लावून चालवायचा. पाचवीपासून पुढची पोरं आणि ज्यांच्या आईबापांना गावातली शाळा नको ती लहानगी, अशी सगळी तो धामणगावच्या शाळेत न्यायचा, आणायचा. माणूस लाख. पोरांची नावं, त्यांच्या कोंबड्यांची नावं, सगळं पाठ. पण सांजवेळी प्यायचा, आणि सांजवेळ हळूहळू लांबत गेली. एके दिवशी सकाळी मुख्याध्यापकांना त्याच्या तोंडाला वास आला. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, अजून एकदा असं झालं तर व्हॅन बंद. मामा माझा होता, पण मुख्याध्यापकांचं बरोबर होतं. व्हॅनमधली पोरं कोणाची तरी होती. मामाला मात्र स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि करावंसंही वाटत नव्हतं.

तेव्हा त्या महाशिवरात्रीला मामा ओलेत्याने पिंडीसमोर उभा राहिला, वाटी घेतली, शब्द दिला. संध्याकाळभर तो माझ्या मामीला 'मॅडम' म्हणत होता. मग शुद्धीवर आला आणि खरोखर प्यायचा थांबला. तो थांबला तो धुळवडीपर्यंत. बाबांचे बारा महिने मामाने पंधरवड्यातच उरकले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दारात वळकटी उभी.

"पेला नं?"

"नाई बाबा, म्हनजे रंग खेळता खेळता कोनीतरी तोंडाले..."

मान सरळ झाली. "पोतं ओलं हाये. बाई, चहा टाका. साखर जास्त."

नियम असा: घरच्या बाईने 'जा' म्हटल्याशिवाय बाबा उठणार नाहीत. पिणाऱ्याचं ऐकणार नाहीत, सरपंचांचं नाहीत, पोलीसपाटलांचंही नाहीत. आणि 'जा' म्हणजे 'जा'च. आपल्याकडे पाहुण्याला कोणी 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला, तेही महादेवाच्या पुजाऱ्याला, तोंडावर 'जा' म्हणायचं म्हणजे बाईच्या जिवावर येतं. बाबांचा सगळा डाव या संकोचावर उभा होता. एका घरी ते तुरीच्या पेरणीला गेले आणि सोंगणीनंतर निघाले, असं सांगतात.

पाहुणा म्हणून त्यांच्याइतका वाईट माणूस मी पाहिला नाही. पहाटे उठून 'लाभ! दोन! तीन!' अशी आरोळी देत सूर्यनमस्कार घालायचे. वरणात हिंग नाही, चटणीत दाणे जाड, ताकाला जीव नाही. मामा आंघोळीला गेला की न्हाणीबाहेर पाट टाकून बसायचे आणि आतून आवाज आला नाही की दार वाजवायचे, "काय करून राह्यला बे?" दुकानातून आणलेली साखर काट्याला लावून, कमी भरली म्हणून दुकानदाराशी भांडून यायचे, आणि मग तो दुकानदार महिनाभर मामाशी बोलायचा नाही.

सकाळी व्हॅनच्या पुढच्या सीटवर बाबा. निघण्याआधी मामाला, "हा कर." मामा 'हा' करायचा. मग पोरांनी हट्ट धरला, आमचाही वास घ्या. सगळी व्हॅन 'हा' करायची.

"तू पोहे खाल्ले. तू शिळी भाकर. तू दात घासले नाईत, उतर खाली."

"आजोबा, उद्या घासतो!"

"उद्याचं तोंड उद्या पाहू. आजचं बंद ठेव."

पोरं बाबांवर खूश, आईबाप तर फारच खूश. फक्त पहिलीच्या बाईंची तक्रार आली की व्हॅनने येणारी सगळी पोरं वर्गात लाभ, दोन, तीन असं मोजतात. मुख्याध्यापकांनी मामाला बोलावून विचारलं. मामा म्हणाला, "सर, दारू बंद हाये. आकड्याचं मी काय सांगू?"

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी, म्हणून व्हॅन लग्नाच्या वऱ्हाडाला लागली. तिथे तर खरी भीती. मांडवामागे बाटल्या, आणि आग्रह आधी ड्रायव्हरला. पण मामाच्या शेजारी फेटा बांधून बाबा. मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे कोणी वडीलधारे, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे. अहेर घेऊन, दोनदा जेवून, मठ्ठ्यावर टीका करून परत यायचे. मामा कोरडाच्या कोरडा.

आणि हे सगळं चालू असताना मामी काय करत होती? स्वयंपाक! मी सुट्टीत आले तेव्हा ती बाबांसाठी वेगळं, कमी तिखटाचं वरण करत होती. माझा पारा चढला. मी ओसरीवर जाऊन बाबांसमोर उभी राहिले.

"बाबा, दारू कोण प्यालं?"

"तुहा मामा."

"मग शिक्षा कोणाला? चुलीपुढे कोण उभं आहे? तुमचं उष्टं कोण काढतं? तुमच्या साखरेच्या चहासाठी कोण पाचदा उठतं? प्यायचं पुरुषाने, शपथ पुरुषाने घ्यायची, मोडायची पुरुषाने, आणि भोगायचं बाईने! हा कसला न्याय?"

बाबांची मान सरळ झाली, मग कलली, मग पुन्हा सरळ झाली. काटा असा हेलकावताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे पत्रकात काऊन नाई लिवलं?"

"सुचलं नव्हतं. आता लिहीन."

"लिव्ह. जाड कागदावर." मग आत तोंड करून ओरडले, "बाई, बाहेर या. अन् तू बे, आत जाय. आजपासून जो पेला तो भाकरी टाकीन. सगळ्या गावाले हाच नियम."

मामाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. भाचीने मामाला इतकं मोठं काही दिलं नसेल.

पहिली भाकर तव्यावर गेली ती निम्मीच परत आली. बाबांनी ती काट्याला लावली. "लाभ," म्हणाले, "पन कोनाचा ते माईत नाई." दुसरी जळली. तिसरी मामाने रागाने थापली आणि नेमकी तीच बरी झाली. दारावरून जाणारे लोक डोकावून बघायला लागले. "काय हो, आज काय मेनू?" मामा आतून शिवी द्यायचा. पण हळूहळू पीठ हाताला ऐकायला लागलं. ठेचा तर त्याचा असा जमायचा की बाबांनाही नाव ठेवायला जागा शोधावी लागायची. मग ते पाण्याला नाव ठेवायचे.

आणि मामी? ती ओसरीवर पाय लांब करून बसायला लागली. इतकी वर्षं मी त्या घरात जातेय, मामीचे पाय लांब असलेले मी पाहिलेच नव्हते. बचत गटाच्या बैठकीला वेळेवर जायला लागली. दुपारी झोपायला लागली.

मामा रोज विचारायचा, "आता तं सांग त्याले जा म्हनून."

"काय घाई हाये?" मामी म्हणायची. "कोनाले तरास हाये बाबाचा?"

असा उन्हाळा सरला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला. या वर्षी पोरं वाढली आहेत, व्हॅनच्या पुढच्या सीटवरही पोरंच बसतील. ड्रायव्हर एकटा येऊ शकत असेल तर काम त्याच्याच व्हॅनला. त्याला कोणीतरी सोबत लागत असेल तर शाळा दुसरी गाडी बघेल.

दिवेलागणीला आम्ही सगळे ओसरीवर. बाबा बाजेवर, मामा पायरीवर, मामी उंबऱ्याशी. मामा म्हणाला, "ऐकलं नं? आता तं तुले म्हनाच लागीन."

मामीने हातातल्या दिव्याची वात पुढे सारली. मग शांतपणे म्हणाली, "म्हनते. पन आधी ऐका. बाबाचं राहनं मले कधी जड नाई गेलं. हे येयाच्या आधी रोज सांजच्याले मी दारात उभी राहो, गाडी सरळ येते का वाकडी पाहाले. पहाटे तुम्ही झोपेत असतानी तुमच्या तोंडापाशी नाक नेऊन पाहो, का आज तुमाले पोरं नेऊ द्याची का नाई. हे आले अन् माझं पाहनं सुटलं. आता हे गेले तरी मी पुन्हा पाहनार नाई. उभीबी राहनार नाई. आता सांगा, म्हनू?"

"अन् मी पेलो तं?"

"तं पेले. मले नाई कळनार. पोरायले कळीन."

मामा पायरीवरून उठला. अंगणात गेला, व्हॅनभोवती एक चक्कर मारली, मागच्या दाराची कडी उगाच वाजवून पाहिली. तीन महिने ज्या शब्दासाठी तो हात जोडत होता तो शब्द आता ओठावर आला होता आणि त्याचाच चेहरा उतरला होता. मामा परत आला.

"म्हन," तो म्हणाला.

मामीने डोक्यावरचा पदर सारखा केला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, उभी राहिली, आणि स्पष्ट म्हणाली, "जा."

बाबा उठले. वळकटी बांधताना तोंड चालूच. बाजेची दोरी ढिली, कोणी आवळली नाही. मांजर लठ्ठ होऊन राहिली, कोणाचं लक्ष नाही. एवढे दिवस राहिलो, पण एक दिवस ताक बरं मिळालं नाही. फाटकापाशी थांबून मामाला म्हणाले, "सकाळी टायरात हवा पाह्यजो. मागचं डावं," आणि मागे न बघता वरच्या आळीकडे वळले. तिथे आखाडीच्या सणाआधीच कोणीतरी शपथ मोडली होती. थोड्याच वेळात तिकडून आवाज आला, "चहात साखर हाये का नुसता रंग?"

मामा आजही तीच व्हॅन चालवतो. भांगेच्या घोट्याला माझा आजही विरोध आहे, आणि 'प्यायचं पुरुषाने, भोगायचं बाईने' हे पत्रकही मी जाड कागदावर काढलं. शाळा उघडली त्या पहिल्या दिवसाची सकाळ मात्र कोणत्याच पत्रकात बसत नाही.

उजाडायच्या आधी मामा एकटा उठला. व्हॅन धुतली, टायर दाबून पाहिले, स्वतःचा चहा स्वतः केला. मी जागी होते. उठून जवळ जावं, चार शब्द बोलायच्या निमित्ताने अंदाज घ्यावा, असं फार वाटलं. मी मामीकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. व्हॅन सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर पोरांचा कल्ला उठला आणि मामाने एक लांब हॉर्न दिला. मामीने कूस बदलली, पांघरूण कानावर ओढलं, आणि ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत झोपून राहिली.